साथीला बसणारा माणूस

महबूला, कुवेत
५ सप्टेंबर २०२५

चि. स्पृहा,

आशीर्वाद आहेतच, पण रागही आहे, आणि दोन्ही एकाच ईमेलमध्ये पाठवतोय.

गेल्या शुक्रवारी आपण फोनवर जे केलं त्याला बोलणं म्हणत नाहीत. तू आधी फोन ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही. घरात गणपती बसलेला, समोर मोदकांचं ताट, आणि आपण दोघं हमरीतुमरीवर. म्हणून मी ठरवलंय, या विषयावर फोन बंद. लिहायचं. लिहिताना माणूस निदान वाक्य पुरं करतो.

साउंड रेकॉर्डिंगचा एक वर्षाचा कोर्स, फ्रान्सला, लिआँमध्ये, आणि मग परत कुवेतला, असं ठरलं होतं. तू गेलीस, शिकलीस, पास झालीस. आता म्हणतेस, तिथल्याच एका म्हाताऱ्या गिटारवाल्याच्या स्टुडिओत राहून त्याच्याबरोबर वाजवणार. मी विचारलं, कोण हा? तू म्हणालीस, रेमों तेसिदू, मोठे सेशन गिटारिस्ट आणि संगीतकार, पन्नास वर्षं वाजवताहेत. ठीक आहे. मी ऑडिटर माणूस, मी तपासलं. तू सांगितलेली गाणी एकेक करून काढली. गायकाचं नाव आहे, लिहिणाऱ्याचं आहे, कव्हरवरचा फोटो काढणाऱ्याचंसुद्धा आहे. तुझ्या तेसिदूचं नाही. पन्नास वर्षं काम करून ज्याचं नाव कुठेच सापडत नाही, त्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते लिहीत नाही.

इकडे मिरकाबला आमच्या ऑफिसात कमालसाहेबांनी तुझ्यासाठी जागा ठेवली आहे. रत्नागिरीचा माणूस, तुला लहानपणापासून ओळखतो, नोव्हेंबरपर्यंत थांबतो म्हणाला. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. तू शांतपणे विचार कर. बी.कॉम. झालीस, इथे दोन वर्षं अकाउंट्सचं काम केलंस, हात बसलाय. गिटार संध्याकाळी वाजवायला तुला कोणी नको म्हटलंय?

तुझ्या काळजीने अर्धा झालेला (आई म्हणते वजन वाढलंय),
बाबा

लिआँ
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय बाबा,

राग पोचला. आशीर्वाद शोधते आहे, सापडले की नमस्कार करते.

तुम्हाला नाव सापडलं नाही, कारण ते नसतंच. सेशन गिटारिस्ट म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगला बोलावणं आलं की जायचं, समोर ठेवलेला कागद वाचायचा, लाल दिवा लागला की वाजवायचं आणि निघायचं. आपल्याकडे निदान निवेदक मध्येच सांगतो, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. इथे तेव्हा तेही नव्हतं. वादक म्हणजे स्टुडिओतलं फर्निचर.

तेसिदू सतराव्या वर्षी घरातून निघाले. वडील बेकरीवाले, त्यांना मुलगा भट्टीपाशी हवा होता (तुम्हाला कोणाची आठवण येते का?). आधी गावोगावच्या नाचाच्या बँडमध्ये वाजवलं, मग पॅरिस. तिथे सकाळी प्रेमगीत, दुपारी बिस्किटाची जाहिरात, संध्याकाळी सिनेमा. पुष्कळदा गायक दुसऱ्या दिवशी येऊन वरून गायचा, त्यामुळे आपण कुठल्या गाण्यात वाजवलं हे त्यांचं त्यांनाच माहीत नसायचं. परवा आम्ही सुपरमार्केटमध्ये होतो. दह्याच्या कपाटापाशी ते एकदम थांबले. वर स्पीकरवर कुठलं तरी जुनं गाणं लागलं होतं. म्हणाले, "हा मी." आणि दही घेऊन पुढे गेले. अशा वादकांना इथे प्रेमाने 'शार्क' म्हणायचे, कारण समोर जे येईल ते गट्ट.

मग मशीन आली, कीबोर्डवर सगळी वाद्यं वाजायला लागली आणि यांचं बोलावणं बंद झालं. त्या वर्षांत ते संगीतकार झाले. लहान मुलांचे टीव्हीवरचे कार्यक्रम, साबणाच्या जाहिराती आणि एक सिनेमा. पुढे लोकांना मशीनचा कंटाळा आला आणि यांना पुन्हा बोलावणी यायला लागली. आता सत्तरी ओलांडली तरी येतात. सगळी जमत नाहीत, म्हणून त्यांना बरोबर कोणीतरी हवं आहे. मीही अजून काही नक्की केलेलं नाही.

आणि आता बातमी. ऑक्टोबरमध्ये ते कुवेतला येताहेत. एका मोठ्या खलिजी, म्हणजे तुमच्या आखातातल्याच, गायकाचा कार्यक्रम आहे, ऑर्केस्ट्रात गिटारवर हे. तुम्ही त्यांना भेटा, जेवायला घाला. तिखट कमी. मग बोलू.

तुमची,
स्पृहा

महबूला
२० सप्टेंबर २०२५

चि. स्पृहा,

शार्क! हे तू मला धीर द्यायला लिहिलंस? तुझ्या आईला मी ते वाक्य गाळून वाचून दाखवलं.

बेकरीवाल्या बापाचा टोमणा कळला. त्या बापाचं पुढे काय झालं ते तू लिहिलं नाहीस. भट्टीपाशी एकटाच राहिला असणार.

भेटायचं तर भेटू. ऑर्केस्ट्राची तिकिटंही काढली. पण एक घोळ झालाय. मी बोलता बोलता देवेंद्रला सांगून बसलो. देवेंद्र यंदा आपल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी आहे आणि त्याला कोजागिरीसाठी 'काहीतरी वेगळं' हवंच होतं. आता महबूलाभर झालंय की जगप्रसिद्ध फ्रेंच गिटारवादक आपल्या गच्चीवर येणार. खरी कोजागिरी सोमवारी, पण आपली नेहमीप्रमाणे सुट्टी बघून शुक्रवारी. बिल्डिंग सांभाळणाऱ्या हारिसकडून गच्चीची किल्ली मिळाली, शाल आली, नारळही आणला. जमियाच्या सहकारी दुकानातला आहे, म्हणजे शेंडी नाही, पण फ्रेंच माणसाला काय कळतंय.

मला हे बरंच वाटतंय. एकदा समोर बसवून ऐकतो. वाजवता येत असेल तर कळेल, नसेल तर तेही कळेल.

बाबा

लिआँ
२७ सप्टेंबर २०२५

प्रिय बाबा,

प्लीज, देवेंद्रदादाला थांबवा. जेवायला घाला, दूध द्या, गप्पा मारा, पण त्यांना एकट्याला मध्ये बसवून वाजवायला सांगू नका.

त्या सिनेमाबद्दल मी अर्धंच लिहिलं होतं. तो एकच सिनेमा, ज्याच्यावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात आलं. पहिला खेळ त्यांच्या गावी झाला, वडील पुढच्या रांगेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मात्र मान खाली घालून बाहेर आले. मला सांगत होते, "त्यात एक नटी होती, फार हळू बोलायची. मी तिच्या प्रत्येक वाक्याखाली काहीतरी वाजवून ठेवलं होतं. तिला मी बोलूच दिलं नाही." तेव्हापासून त्यांनी मोठं काही लिहिलं नाही. एकटं वाजवा म्हटलं की ते हसतात आणि दुसऱ्याचं तोंड बघत बसतात. ते लाजत नाहीत, बाबा. त्यांचं कामच मुळात कोणीतरी गायला लागल्यावर सुरू होतं.

तुम्ही त्यांची परीक्षा घेणार आणि निकाल माझा लागणार. म्हणून सांगते.

स्पृहा

महबूला
८ ऑक्टोबर

स्पृहाबाळा,

हे बाबांना न दाखवता लिहिते आहे. ते भाजी आणायला गेलेत.

ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम पाहिला. माणसंच माणसं, दिवेच दिवे. बाबांनी पुस्तिकेत तेसिदूंचं नाव शोधलं, मिळालं नाही, तसे ते माझ्याकडे बघून 'बघ' अशी मान हलवून झोपी गेले. मला तेसिदू दिसले. शेवटच्या रांगेत डाव्या टोकाला, पांढऱ्या केसांचे. फार काही करत नव्हते. गायकाकडेच बघत होते सारखे, आपण कढईत तेल तापतंय का बघतो तसे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कमालसाहेबांना अजून हो म्हटलेलं नाही असं बाबांनी तुला लिहिलंय ना? ते खोटं आहे. त्यांनी ऑगस्टमध्येच शब्द दिलाय की स्पृहा नोव्हेंबरात येते, तुम्ही तिच्या व्हिसा-इकाम्याच्या तयारीला लागा. मला परवा बाबांच्याच तोंडून कळलं. झोप लागत नाही म्हणून उठून बसले होते, मी विचारलं तर सांगून टाकलं. फार घाबरलेत गं. तुला सांगायचं कसं हे त्यांना कळत नाहीये.

रागावलीस तरी चालेल. पण तुझ्याही पोटात काही असेल तर आता बोलून टाक. तू 'अजून नक्की नाही' म्हणतेस तेव्हा अगदी त्यांच्यासारखं लिहितेस.

आई

लिआँ
१० ऑक्टोबर २०२५, सकाळ

बाबा,

आईने सांगितलं. तिच्यावर चिडू नका.

मला खूप राग आला. माझं आयुष्य तुम्ही ऑफिसच्या रजेसारखं मंजूर करून टाकलंत, आणि वर मला लिहिलंत की शांतपणे विचार कर. मी कागदावर काय काय लिहिलं होतं तुम्हाला पाठवायला. मग सगळं खोडलं, कारण मीही तेच केलंय.

मी तेसिदूंना ऑगस्टमध्येच हो म्हटलं. तुमचं पहिलं पत्र यायच्या आधी. नोव्हेंबरात आमची रेकॉर्डिंग सुरू होतात, त्यांच्या शेजारी दुसऱ्या गिटारवर मी. 'नक्की नाही' हे मी तुम्हाला फसवायला लिहिलं नाही, तुमचं पुढचं पत्र येत राहावं म्हणून लिहिलं.

तर मी परत येणार नाही, बाबा. कमालसाहेबांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आज संध्याकाळी तेसिदू तुमच्या गच्चीवर येतील. त्यांच्याशी नीट वागा. त्यांनी मला पळवलेलं नाही, मीच त्यांचं दार वाजवलं होतं.

भीती एकाच गोष्टीची वाटते. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकाल. नोकरी मला दुसरी मिळेल, बाबा दुसरे कुठून आणू.

स्पृहा

महबूला
१२ ऑक्टोबर २०२५

चि. स्पृहा,

आशीर्वाद. या वेळी फक्त तेच.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी जेवताना वाचलं. वरणभात तसाच राहिला. तुझ्या आईने ताट उचललं आणि म्हणाली, "वाचलंत ना? आता इस्त्रीचा शर्ट घाला, पाहुणा यायचाय." घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त मलाच वाटत होतं की मी काहीतरी लपवतोय.

गच्चीवर गेलो तो धुमसतच. खरं सांगू? त्या माणसाने वाईट वाजवावं असं मला मनापासून वाटत होतं. म्हणजे मग तुला लिहिता आलं असतं की बघ, मी म्हणत नव्हतो?

तुझा निरोप मी देवेंद्रला दिला होता. तो म्हणाला, "काका, पाहुण्याला कोपऱ्यात बसवायचं का? लोक काय म्हणतील?" तेव्हा मधोमध खुर्ची, तिच्यावर जरीचा शेला, मागे फ्लेक्स आणि फ्लेक्सवर आयफेल टॉवर. देवेंद्रने ओळख करून दिली, आधी मराठीत, मग इंग्रजीत: ज्यांच्या बोटांच्या तालावर सारा युरोप डोलतो, असे वगैरे. तेसिदूंनी मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. शाल झाली. नारळ त्यांनी मांडीवर घेतला आणि तो काय असावा या विचारात बसले.

मग त्यांनी देवेंद्रला विचारलं, "गाणार कोण?"

"नो सर, ओन्ली यू. सोलो."

त्यांनी मान हलवली, नारळ पायाशी ठेवला आणि वाजवायला लागले. तीन-चार कॉर्ड, तेच ते, गोल गोल. आवाज गोड होता, पण गाणंच येईना. मांडव घातलाय आणि लग्न नाही, असं वाटत होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पोरं फोन काढून बसली. कोणीतरी मागून म्हणालं, "ट्यूनिंग चाललंय का अजून?" देवेंद्रच्या कपाळावर घाम.

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. तेसिदू वाजवता वाजवता समोरच्या एकेका माणसाच्या तोंडाकडे बघत होते, हा सुरू करेल का, ही करेल का. माझ्याकडेही बघितलं. पन्नास वर्षं काम केलेला माणूस मी आपल्या गच्चीवर आणून चारचौघांत उघडा पाडला, असं मला झालं. आणि तुला वाटलेली भीती आठवली. निकाल तुझा लागणार, असं तू लिहिलं होतंस. जमलेल्या लोकांसमोर तूच तिथे बसली आहेस असं मला दिसायला लागलं.

तेवढ्यात दुधाच्या पातेल्यामागून तुझी आई गायला लागली.

हातात पळी तशीच. भोंडल्याचं गाणं, तुझ्या आजोळकडचं. तुला माहीत आहे, कुवेतला आल्यापासून ती चारचौघांत कधी गायलेली नाही. स्वयंपाकघरात गाते, तीही एक्झॉस्टचा पंखा लावून, मला ऐकू जाऊ नये म्हणून. सुरुवात फार खालून केली.

तेसिदू उठले. नारळ देवेंद्रच्या हातात दिला. खुर्ची स्वतः उचलली, शेल्यासकट, आणि आईच्या डाव्या बाजूला, थोडी मागे, पातेल्याला लागून ठेवली. गिटारच्या मानेवरचा चिमटा दोनदा सरकवून तिचा सूर पकडला. दुसऱ्या ओळीला ते तिच्याबरोबर होते. मघाचेच तीन-चार कॉर्ड, स्पृहा. तेच. पण आता त्यांच्यावर तुझी आई चालत होती.

मला संगीत कळत नाही, पण ते गाणं मला पाठ आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाईंकडून इतक्यांदा ऐकलंय. तिसऱ्या कडव्यानंतर तुझी आई विसरली. ती विसरली की तिचे डोळे वर जातात, तसे गेले. मी गच्चीचा कठडा धरला. तेसिदूंनी काहीच केलं नाही. तो एकच कॉर्ड जरा हळू करून तिथेच फिरवत राहिले, जणू गाण्यात तिथे थांबायचंच असतं. लोकांना वाटलं, ती चंद्र बघतेय. तिला पुढचं आठवलं, तशी त्यांनी वाट मोकळी केली. कोणाला काही कळलं नाही. पुढच्या कडव्याला चारुतावहिनी उठल्या, मग सगळ्या बायका, पातेल्याभोवती फेर धरला, आणि ज्या पोरी घरात आईला इंग्रजीत उत्तरं देतात त्याही फेरात.

माझं सगळं आयुष्य दुसऱ्याची चूक शोधण्यात गेलं. ते वाईट काम नाही, त्यावर आपलं घर चाललंय. पण पन्नास वर्षं दुसऱ्याची चूक कोणाला कळू न देता निस्तरायची, हेही काम असतं आणि त्याला इतकं कौशल्य लागतं, हे मला माहीत नव्हतं. आमच्या धंद्यात हा गुन्हा आहे. तुझ्या आईचा चेहरा मात्र तू बघायला हवा होतास. इतकी निर्धास्त ती मला आमच्या लग्नातही दिसली नव्हती.

त्यांना हॉटेलवर सोडायला मी एकटाच गेलो. गाडीत विचारलं, माझ्या मुलीचं नाव होईल का? बाप आहे, हे विचारणारच. त्यांनी सिग्नल सुटेपर्यंत विचार केला. म्हणाले, "नाही. नाव होणार नाही. बोलावणं येत राहील." मग म्हणाले, "वाजवता पुष्कळांना येतं. तिला थांबता येतं." मी इतका सुखावलो की हॉटेल मागे पडलं आणि वळसा घालून परत यावं लागलं.

त्यांच्या वडिलांचंही विचारलं. भट्टीपाशी शेवटपर्यंत रेडिओ लावून ठेवायचे म्हणे, आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, हा माझा मुलगा वाजवतोय. दहापैकी नऊ वेळा तो नसायचाच.

बोलणं टाकेन असं तुला वाटलं, याचं मला फार वाईट वाटलं. मी ओरडेन, टोमणे मारेन, चुकीचा शब्दही देऊन बसेन. बोलणं नाही टाकणार. ते मला झेपणार नाही.

आज सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या कमालसाहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती. म्हटलं, साहेब, माझी चूक झाली, मुलीला न विचारता शब्द दिला, ती येणार नाही. ते खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. "अहो सदानंदभाऊ, ती जागा मी गेल्या महिन्यातच माझ्या मेहुणीच्या पोरीला देऊन टाकली. घरून फार तगादा होता. तुम्हाला सांगायचं कसं म्हणून रोज तुमची पाठ बघून केबिनमध्ये पळत होतो." दोघेही हसलो. मग त्यांनी चहा मागवला. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा साखर घालून प्यायलो.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "मग पोरगी करते काय तिकडे?"

वर्षभर हा प्रश्न मला कोणीही विचारला की मी सांगायचो, कोर्स करतेय, टेक्निकल आहे. आज म्हटलं, "गिटार वाजवते. दुसऱ्यांच्या गाण्यात." ते पुढे काही विचारतील म्हणून थांबलो. ते बिस्किट बुडवत होते. मग मीच खुर्ची पुढे ओढून घेतली आणि त्यांना सगळं सांगायला लागलो.

तुझा,
बाबा